स्वच्छ बादल्यांचा गॅस

२ फेब्रुवारी
रिटायर होऊन वर्ष होत आलं. हॉस्पिटलच्या सफाई विभागाचा सुपरवायझर होतो. माझ्या कॉरिडॉरमध्ये फरशीवर वाढून जेवावं इतकी स्वच्छता. (कोणी जेवलं नाही, तो भाग वेगळा.) आता फोन वाजत नाही. वाजला तर राँग नंबर. कालच्या राँग नंबरशी थोडा वेळ बोललो. माणूस बरा होता.

ही म्हणते, काहीतरी छंद लावून घ्या, पण माझ्या ओट्यापासून लांबचा. गेल्या आठवड्यात हिचा ओटा फिनेलने पुसून दिला, तेव्हापासून हे सुरू आहे. जेवणाला वास येतो म्हणे. वास हा स्वच्छतेचा पुरावा असतो. पण घरात पुराव्यावर काही चालत नाही.

संकल्प: काहीतरी मोठं करणे. पहाटे पाचला उठणे.

३ फेब्रुवारी, सकाळी पावणेनऊ
उठलो.

५ फेब्रुवारी
सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत जुनं मासिक चाळलं. बायोगॅस. एक मोठा ड्रम, त्यात दुसरा उपडा. खालच्यात ओला कचरा आणि पाणी घालायचं. गॅस तयार झाला की उपडा ड्रम आपोआप वर येतो. नळीने गॅस शेगडीला. उरलेलं पाणी झाडांना खत म्हणून. लोक जे टाकून देतात, त्यातून इंधन आणि खत. टाकाऊ म्हणून काही नसतंच, फक्त कोणीतरी वापरायला हवं, असं शेवटी लिहिलं होतं. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. दाढीचा साबण गेला असणार.

आमच्या बिल्डिंगच्या मागे अंगण रिकामंच आहे. मी पण.

११ फेब्रुवारी
कमिटीची मीटिंग. मागच्या अंगणावर चेअरमनचा डोळा आहे, दुसरी गाडी ठेवायला. पहिली गाडी तो चालवत नाही, फक्त पुसतो. माझ्या प्रोजेक्टला तो गोबरगॅस म्हणाला आणि हसला. पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी माझी बाजू घेतली, कारण त्यांना गुलाबांसाठी खत हवंय. शेवटी ठरलं असं: मे महिन्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर शेगडी पेटवून दाखवायची. पेटली तर अंगण माझं. नाही पेटली तर टाकी बाहेर, गाडी आत.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, म्हणजे आता तुम्ही रोज सकाळी खाली असणार? हो म्हणालो. ही म्हणाली, मग करा. इतका उत्साह हिने माझ्या कुठल्याच कामात दाखवला नव्हता.

१८ फेब्रुवारी
टाकी आली. टाकीवाल्याने जोडणी केली आणि वर भाषण दिलं. आत जंतू असतात, ते कचरा खातात, त्यातून गॅस होतो, टाकी म्हणजे एक जनावर समजा, थोडं थोडं खायला घाला, वगैरे. त्याला म्हटलं, बाबा रे, जंतूंबद्दल मला कोणी सांगू नये. जंतू काय काम करतात ते मी तिसऱ्या मजल्याच्या वॉर्डात पाहिलंय. विकणारी माणसं असंच काहीतरी रंगवून सांगतात.

ही मात्र दारात उभी राहून सगळं ऐकत होती. त्याला दोन-तीन प्रश्नही विचारले. बायकांना अशा गोष्टी खऱ्या वाटतात.

२० फेब्रुवारी
सुरुवातीला आत शेण घालावं लागतं म्हणून तबेल्यातून आणलं. दोनदा आंघोळ केली.

पद्धत बसवून टाकली. सकाळी प्रत्येक घरातून ओल्या कचऱ्याची बादली घ्यायची. टाकीत रिकामी करायची. मग बादल्या फिनेलच्या पाण्याने खळखळून धुवायच्या. टाकीत कचऱ्याइतकंच पाणी लागतं, तर ते धुतलेलं पाणीच आत ओतायचं. थेंब वाया नाही. टाकीवाल्यालाही हे सुचलं नव्हतं.

बिल्डिंगमध्ये एवढ्या चकचकीत बादल्या कोणी पाहिल्या नसतील. कोणी बोललं नाही, पण माणसाला कळतं.

२७ फेब्रुवारी
ड्रम वर आला. साधारण चार बोटं. हिला हात धरून खाली नेलं. शेगडीचा कॉक फिरवला, काडी लावली. काडी विझली. पुन्हा लावली. विझली. ही म्हणाली, वाऱ्याने असेल. वारा नव्हता.

टाकीवाला फोनवर म्हणाला, पहिला गॅस जळत नाही, सोडून द्या, पुढचा जळेल. सोडून दिला.

६ मार्च
पुढचा येईना. ड्रम बसलाय तो बसलाय.

संशयित: लिंबाच्या साली. वरच्या मजल्यावरचे मास्तर रोज दोन लिंबं पितात. त्यांना समज दिली. ते म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांना म्हटलं, मग डॉक्टरांनाच गॅस करायला सांगा. आता ते जिन्यात भेटले की मान वळवतात.

टाकीवाल्याने विचारलं, आत काय काय घालता? कचरा आणि पाणी, दुसरं काही नाही. त्यालाही कळेना. या लोकांना अनुभव कमी असतो.

११ मार्च
टाकीला आंबूस वास यायला लागलाय. फिनेल वाढवलं. वास थोडा कमी झाला. रोगाची नाडी कळायला अनुभव लागतो तो असा.

वकीलबाईंच्या गुलाबांना टाकीचं खतपाणी घातलं होतं. पानं पिवळी पडली. त्या कुंडीकडे बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे. त्यांना सांगितलं, ही जातच नाजूक, तुम्ही कोरफड लावा. वकील असून एक शब्द बोलल्या नाहीत. मला ते आवडलं नाही.

१९ मार्च
चेअरमन टेप घेऊन अंगणात आला. टाकी जणू तिथे नाहीच अशा थाटात इकडून तिकडे मापं घेतली. जाताना म्हणाला, सावकाश चालू दे हो तुमचं, मे लांब आहे.

दुपारी झोपलो. उठून पुन्हा झोपलो. हॉस्पिटलमध्ये असताना दुपार कधी दिसलीच नव्हती. आता इतकी दुपार कुठून येते कळत नाही.

२४ मार्च
पाचला उठण्याचा संकल्प तात्पुरता स्थगित. थकलोय.

ही म्हणाली, सोडून द्या ना ते. तुम्हाला कोणी करायला सांगितलंय का? मी म्हटलं, तेच तर. कोणीच काही सांगत नाही.  नंतर हिने भाजी निवडायला घेतली आणि देठं वेगळ्या वाटीत ठेवली. टाकीसाठी, म्हणाली.

२८ मार्च (आडवं पडून लिहितोय, अक्षराला हसू नये)
आत काय चाललंय ते बघायला ड्रम एकट्याने उचलायला गेलो. कमरेत काहीतरी कडकन वाजलं. मास्तर आणि वकीलबाईंनी धरून वर आणलं. मास्तर अजून बोलत नाहीत, पण धरलं नीट. डॉक्टर म्हणाले, मी सांगेपर्यंत अंथरुणावरून हलायचं नाही.

टाकीचं काम हिच्याकडे सोपवलं. पूर्ण पद्धत समजावून सांगितली. फिनेल जिन्याखाली आहे हेही सांगितलं. ही म्हणाली, त्या वासाने माझं डोकं उठतं. होईल सवय, म्हटलं. बरं म्हणाली. हिचं बरं म्हणजे नक्की काय, हे लग्नापासून मला कळलेलं नाही.

२ एप्रिल
छत बघतोय. छताला एक पोपडा आलाय, त्याचा आकार चेअरमनसारखा आहे.

ही सकाळी कुठेतरी जाऊन आली. हाताला शेणाचा वास. विचारलं तर म्हणाली, थोडं जुनं काढून टाकलं, थोडं नवीन घातलं. मी सांगितलं नव्हतं. पण आजारी माणसाने किती बोलायचं.

९ एप्रिल
ही हल्ली लवकर खाली जाते आणि उशिरा वर येते. बादल्यांचं विचारलं. बघते मी, म्हणाली. समाधान वाटलं. शिस्त वरून खाली झिरपते.

१४ एप्रिल
खिडकीखालून हसण्याचा आवाज. वकीलबाई आणि मास्तर. मास्तर हसू शकतात हे नवीन. हिला विचारलं तर म्हणाली, उभ्या उभ्या बोलत होतो, दुसरं काय.

ही गुणगुणते. पोळपाट आपटत, डबे उघडत, गुणगुणते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं गुणगुणायची ते आठवलं. मध्ये बंद कधी झालं होतं ते लक्षात नाही.

१८ एप्रिल
चहा घेऊन आली आणि तो संपेपर्यंत समोर उभी राहिली. मग विचारलं, कसा झालाय? साखर जरा पुढे आहे, म्हटलं. अजून काही? आणि थोडा कोमट, म्हटलं. कप उचलून निघून गेली. काहीतरी बिनसलं असावं. विचारायचं ठरवलं होतं, तेवढ्यात डोळा लागला.

२३ एप्रिल
आज भिंत धरून खिडकीपर्यंत गेलो. खाली बघितलं आणि तसाच उभा राहिलो.

उपडा ड्रम माणसाच्या छातीएवढा वर आलेला. शेगडी पेटलेली. ही उपड्या बादलीवर बसून चहा करत होती आणि भोवती वकीलबाई, मास्तर आणि चक्क चेअरमनीणबाई, हातात कप घेऊन. गाडीच्या जागेत.

एकेक पायरी मोजत खाली उतरलो.  ही उठली, माझा हात धरून शेगडीपाशी नेलं आणि कॉक माझ्याच हाताने बारीक-मोठा करवला. निळी ज्योत. बघा ना, आवाजही करत नाही, म्हणाली. हिचा चेहरा असा मी फार वर्षांनी बघितला. आमची मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हा असा होता.

सगळ्यांसमोर मी म्हटलं, पाया पक्का घातला की उशिरा का होईना फळ मिळतंच. मास्तरांना खोकला आला. वकीलबाईंच्या गुलाबाला तीन कळ्या आहेत. त्यांनाही म्हटलं, बघा, माझं खत लागू पडायला वेळ घेतं.

एकच गोष्ट खटकली. बादल्या. काठाला राड्याचे थर. 

२७ एप्रिल
डॉक्टरांनी हलक्या कामाची परवानगी दिली. मीटिंग तीन मेला. डेमोची सूत्रं परत हातात घेतली.

ही म्हणाली, मीटिंग होईपर्यंत टाकीला हात लावू नका, एवढं एकच ऐका माझं. मी म्हटलं, अगं तू दमलीस, आता विश्रांती घे. ही म्हणाली, मी दमलेली नाही. हे दमल्याचंच लक्षण असतं.

जिन्याखाली जाऊन बघितलं. फिनेलची बाटली होती तशी, बूचसुद्धा उघडलेलं नाही. इतके दिवस. हॉस्पिटलमध्ये यावर मेमो गेला असता. हिला काही बोललो नाही. माझ्यातला हा मोठेपणा कोणी बघत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

२ मे, संध्याकाळ
ही दिवसभर बहिणीकडे गेली होती. योग चांगला जुळून आला. उद्या सगळी बिल्डिंग बघायला येणार आणि टाकीची ही अवस्था. सकाळपासून लागलो. सगळ्या बादल्या, टाकीचं तोंड, आतला भाग हात पोचेल तिथपर्यंत, सगळं घासलं. फिनेल दुप्पट. बाटली संपली, दुसरी आणली. सगळं पाणी नेहमीप्रमाणे टाकीतच ओतलं.

ड्रममध्ये पंधरवड्याचा साठलेला गॅस होता. तो सोडून दिला. लोकांना घरी बोलावून शिळं वाढायचं नाही. उद्यापर्यंत ताजा तयार होईल.

कंबर ठणकतेय, पण टाकी लखलखतेय. हिला सरप्राइज.

३ मे
लिहवत नाही. तरी लिहितो.

सगळे जमले. मी तीन मुद्द्यांचं भाषण केलं. तिसऱ्या मुद्द्यापर्यंत चेअरमनचं दोनदा घड्याळाकडे बघून झालं होतं. ड्रम तळाला टेकलेला होता, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. कॉक फिरवला. काडी लावली. काही नाही. दुसरी. काही नाही. काड्या संपल्या. चेअरमनने खिशातून लायटर काढून दिला, अगदी नम्रपणे.

ही मागे उभी होती. पुढे आली. वाकून टाकीच्या तोंडाचा वास घेतला. मला हळूच विचारलं, धुतलंत? म्हटलं, अर्थात. दुप्पट फिनेल घालून. गॅससुद्धा जुना सोडून दिला.

ही पायरीवर बसली. जोरात बोलली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. म्हणाली, आतले जंतू जिवंत होते हो. टाकीवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांच्यावरच आपलं पोट, म्हणाला होता. जन्मभर जे मारण्यासाठी ओतलंत तेच त्यांच्यावर ओतलंत. मग उठून वर निघून गेली.

चेअरमनने अंगणाचा विषय काढला. तेवढ्यात वकीलबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ज्योत आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, त्यावरचा चहा प्यायलो आहोत, त्यामुळे टाकी चालते की नाही हा प्रश्नच नाही, प्रश्न चालवतं कोण हा आहे. मास्तरांनी हात वर केला. चेअरमनीणबाईंनीही. चेअरमनने त्यांच्याकडे बघितलं, पण हात खाली आला नाही.

ठराव पास: अंगण वर्षभर टाकीला. जबाबदारी हिच्याकडे. खाली एक पोटकलम, वकीलबाईंनी सांगितलेलं: मी टाकीजवळ फिरकायचं नाही, हातात बाटली असो वा नसो. यावर मात्र चेअरमनने दोन्ही हात वर केले.

काटेकोर बघितलं तर प्रोजेक्ट मंजूर झाला. म्हणजे जिंकलो मीच.

४ मे
ही वाढते आणि उठून जाते.

मी समजावलं की उद्देश चांगला होता, पाहुणे येणार म्हणून केलं, शिवाय इतक्या वर्षांची सवय. ही म्हणाली, मी काय मागितलं होतं तुमच्याकडे? मीटिंगपर्यंत हात लावू नका, एवढंच. मग थोड्या वेळाने म्हणाली, टाकीपाशी बसले की माझ्याकडे कोणी काही मागत नव्हतं. चहा मी करायचे, पण माझ्या मनाने करायचे. टाकीवरचा पहिला कप तुमच्यासाठी वर आणला होता. तुम्ही म्हणालात साखर पुढे आहे.

 

१२ मे
खिडकीतून बघितलं. ही आणि वकीलबाई टाकी रिकामी करत होत्या, बादली बादली करून. राडा कोपऱ्यातल्या खड्ड्यात. मास्तर साध्या पाण्याने आतून धुऊन देत होते. मी वरून सूचना केली की उतार डावीकडे ठेवा. तिघांनी वर बघितलं. खिडकी मीच लावून घेतली.

१३ मे
जिन्याखालच्या फिनेलच्या बाटल्या पिशवीत घालून हॉस्पिटलात देऊन आलो. वाटलं होतं, कोणीतरी बसा म्हणेल. गेटवर नवीन माणूस होता. पिशवी ठेवा इथे, म्हणाला. नाव विचारलं नाही. कॉरिडॉर तिथून दिसतो. फरशी बरी ठेवलीये. कडेला जरा काळं राहतंय. कोणाला सांगणार.

घरी येताना पूर्ण रस्ता चालत आलो. गडबड कसली.

९ जून
सकाळी सहा. जाग आपोआप आली, संकल्प वगैरे काही नव्हता.

ही चहा घेऊन वर आली. टाकीवरचा आहे, म्हणाली. काल रात्रीपासून पेटतेय. आणि परत तशीच समोर उभी राहिली.

प्यायलो. साखर पुढेच होती. चांगला झालाय, म्हटलं. अजून काही? म्हणाली. गरम आहे, म्हटलं. ही खुर्ची ओढून बसली.

मग म्हणाली, वरच्या मजल्यावरून बादल्या खाली आणायला कोणीतरी हवंय, मास्तरांचे गुडघे दुखतात. अर्ध्याच भरलेल्या आणायच्या, कंबर सांभाळून. अंगणाच्या दारापर्यंत. दाराच्या आत यायचं नाही. माझ्यासारख्या अनुभवी माणसाला हे काम द्यावं का, यावर मी बराच विचार केला. मग विचारलं, कधीपासून? उद्यापासून, म्हणाली, आणि खाली गेली. जिना उतरताना गुणगुणत होती.

कप मी स्वतः विसळून ठेवला. साध्या पाण्याने.